शालनची नडगी

शालनला होमगार्ड व्हायचं होतं, आणि तेही एकोणपन्नासाव्या वर्षी. पालेगावात ही बातमी फुटली तेव्हा लोक आधी तिला हसले, मग तिच्या नवऱ्याकडे, हरिचंद्रकडे बघून जास्त हसले. हरिचंद्र स्वतःही हसला. "हिला गटार ओलांडता येत नाय, ही बंदोबस्त करनार," म्हणाला आणि चहा मागितला. चहा शालननेच करून दिला.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते गणपती विसर्जनाला. तळ्याकाठी पालेगावच्या मंडळाने नाचून नाचून रस्ता अडवून धरला होता. हरिचंद्र सगळ्यांच्या पुढे, टोपी उलटी घातलेली. शालन बायकांच्या घोळक्यातून त्याला हाका मारत होती, चला आता, आईंना बसवत नाही. तेवढ्यात खाकीतली एक बाई आली. शालनपेक्षा थोराड, पोट सुटलेली, घामाने निथळणारी. तिने शिट्टी फुंकली, हात आडवा केला आणि म्हणाली, "मागं व्हा." आणि हरिचंद्र मागे झाला! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एका शब्दात मागे होतो हे शालनला त्या दिवशी कळलं.

"पोलीस होती का गं ती?" तिने परतताना किर्तीला विचारलं. किर्ती म्हणजे शालनच्या चुलत दिराची मुलगी, शेजारच्याच घरात राहणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी.

"होमगार्ड, काकी. पन्नाशीपर्यंत घेतात. फक्त पळावं लागतं, आठशे मीटर."

शालनला सासरी छळ होता असं कुणी समजू नये. मारहाण नाही, उपासमार नाही, जाचही नाही. सासू बनूबाई तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हती. फक्त या घरात शालनचं बोलणं पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. चालू असतं, ऐकत कोणी नसतं. मुलीचं लग्न कुठे ठरवायचं, शेत बिल्डरला द्यायचं की नाही, इतकंच काय, रविवारी मासळी कुठली आणायची, तिने प्रत्येक वेळी मत दिलं होतं आणि प्रत्येक वेळी ते मत विचारणाऱ्यानेच कानाआड केलं होतं. तिला पगार नको होता, खाकीची ऐटही नको होती. तिला ती शिट्टी हवी होती. आषाढात तिला पन्नास पूर्ण होणार होती, आणि भरतीची चाचणी वैशाखात निघाली. म्हणजे हीच वेळ, नंतर नाही.

संक्रांत झाली तशी ती पळायला लागली. पहाटे, सलवारीवर, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून आणलेले बूट घालून. पालेगावात आता पळायला जागा म्हणजे दोन टॉवरांमधला सिमेंटचा रस्ता. पहिल्या आठवड्यात ती धापा टाकत होती, दुसऱ्यात कमी टाकू लागली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं हे पाय नुसते चुलीपासून नळापर्यंत वापरले, असं तिला वाटलं. चेहऱ्यावर वारा लागला की ती एकटीच हसायची.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात. शालनचं मुंगीच्या पावलाने आलं. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, आधी नुसती ठणक. पळायला सुरुवात केली की दुखायचं, अंग तापलं की थांबायचं, घरी येऊन बसलं की पुन्हा सुरू. मग ते थांबेनासं झालं. मग जिना उतरतानाही कळ यायला लागली.

ती घरात म्हणाली, "माझी नडगी दुखते."

"वय झालं," हरिचंद्र म्हणाला.

"चोल तिला," बनूबाई म्हणाली, "रगत साकललंय." आणि स्वतः बसून तिने सुनेची नडगी खोबरेल तेलाने अशी रगडली की शालनच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. वर मिठाच्या पुरचुंडीचा शेक. सकाळी पाय सुजला होता. म्हातारीने सूज बघून समाधानाने मान हलवली, म्हणे आता आतलं दुखणं बाहेर आलं.

एकट्या किर्तीने वाकून नीट बघितलं. "काकी, ये नॉर्मल नहीं है हां. आमचे सर याला शिन स्प्लिंट बोलतात. एकदम पळायला लागलं, सिमेंटवर, की होतं. चोळायचं नाय. बर्फ लावा, तीन आठवडे पूर्ण आराम. मग हळूहळू, मातीवर पळा. चाचणीपर्यंत होईल सगळं ठीक."

मातीवर! शालनला हसू आलं. जिथे तिने कमरेत वाकून भात लावला त्या शेतावर आता टॉवर होता, आणि टॉवरच्या मागे तेवढी हिरवळ. ती एकदा तिथे गेलीही, बूट हातात घेऊन. वॉचमनने सांगितलं, बाई, रहिवाशांसाठी आहे. ती तशीच परत आली.

पण आराम तिने मनावर घेतला. बर्फ लावला, पाय उशीवर ठेवला, पळणं बंद केलं. काही दिवसांत सूज उतरली. बोट दाबलं तर एका ठिकाणी अजून कळ यायची, पण चालताना पाय हलका वाटू लागला. हे सगळं जमून येईल असं वाटण्याचे जे काय चार दिवस तिच्या आयुष्यात आले, ते हेच.

आणि घरच्यांना तिची दया आली.

एवढी पळणारी बाई गप्प पडून राहिली हे बघून बनूबाईचा जीव कळवळला. चैत्रात एकवीरा आईची पालखी निघायची होती. कार्ल्याच्या डोंगरापर्यंत गाव दरवर्षी पायी जातं. पालखीच्या बैठकीला सगळी आळी जमलेली असताना म्हातारी उठली, हात जोडले आणि मोठ्याने बोलली, "आय, माझ्या सुनंचा पाय बरा कर. ती औंदाच अनवानी चालत येल तुझ्या पायथ्याला."

आळीने "आई माऊलीचा उदो" केला. हरिचंद्रने भरल्या डोळ्यांनी आईचे पाय धरले.

शालन म्हणाली, "आई, मला चालायचं नाहीये. किर्ती म्हणते आराम—"

"बोललेला नवस मागं घेतात का गो?" बनूबाई म्हणाली. विषय संपला.

ज्याचं जळतं त्याला कळतं. पण खरं सांगायचं तर शालनही डगमगली. ती याच देवीच्या पाया पडत मोठी झाली होती. नवस मोडला आणि पाय गेला तर? आणि चालले आणि आईने खरंच पदरात घेतलं तर? शंभरदा ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही त्या माणसाला स्वतःचं म्हणणंही पुरतं खरं वाटत नाही. चपला घरी ठेवून ती निघाली.

कुळगाव, वांगणी, नेरळ, कर्जत. पांढरे टी-शर्ट, पुढे पालखी, मागे डीजेचा टेम्पो. टेम्पोत बनूबाई, वय झालं म्हणून. डांबर तापलेलं, तळव्यांना फोड आले, पण फोडांचं तिला काही नव्हतं. नडगीतली ती बोटभर जागा पुन्हा पेटली होती. ती रस्त्याच्या कडेने, गवतावरून चालायची. कर्जतला तिने हरिचंद्रला गाठलं. "मला टेम्पोत बसू द्या. हाडात दुखतंय. हाडात."

"टेम्पोत बसलीस की नवस तुटला," तो म्हणाला. रागाने नाही, समजावून. "एवढी आलीस, आता घाटच राहिला." आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं. तो प्रेमानेच वागत होता, हेच वाईट होतं.

घाटात, एका वळणावर, पाय टेकताना तिला आत बारीकसं तुटल्यासारखं वाटलं. तिने किंकाळी फोडली. डीजेवर पालखीचं गाणं जोरात होतं. पुढची माणसं नाचत होती. किर्तीने मागून धावत येऊन तिला खांद्याचा आधार दिला, टेम्पोला हाका मारल्या, आणि बायकांनी ते पाहून उदो उदो केला. लंगडत, लोंबकळत शालनने डोंगराच्या पायऱ्याही चढल्या. लोक तिच्या पाया पडले. भक्ती असावी तर अशी, म्हणाले.

कुळगावच्या हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडावर धरला. आधी हाडाला बारीक रेघ पडली असणार, तो म्हणाला, विश्रांती घेतली असती तर ती भरून आली असती. आता हाड पूर्ण मोडलं होतं. शिवाय या वयात हाडं ठिसूळ. प्लास्टर, महिनोन्‌महिने. पळायचं विसरा, बाई.

वैशाखात चाचणी झाली. शालन त्या सकाळी खाटेवर होती. आषाढात पन्नास पूर्ण झाली, किर्तीने केक आणला, हरिचंद्रने तो सगळ्यांना वाटला. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा बारीक झाला होता. हाड जुळलं, पण किंचित वाकडं. आता ती घरातल्या घरात एक पाय ओढत चालते. थंडीत त्या जागी ठणका लागतो तेव्हा ती कुणाला सांगत नाही.

फाल्गुनात पुन्हा पालखीची बैठक भरली. बनूबाईने सुनेला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. "डॉक्टर बोलला व्हता पाय जाईल," म्हातारी म्हणाली. डॉक्टर असं काही बोलला नव्हता. "आयनं राखला. चालतेय बगा. आता पाय बरा झाला, तर नवस फेडायला पायजे का नको? मागल्या साली ती मागायला गेली. औंदा फेडायला जाईल."

आळीने मान डोलावली. हिशोब बरोबर होता.

शालनने पुढे पाऊल टाकलं. हात आडवा केला, त्या तळ्याकाठच्या बाईने केला होता तसा. "नाही," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत निघाला, इतका की ती स्वतःच दचकली. "मी येणार नाही. माझा पाय मोडला तुम्ही."

क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले.

मग बनूबाईने पदराने डोळे पुसले. "बगा," ती म्हणाली, "अंगात आली आय." आणि सगळ्या आळीने शालनसमोर हात जोडले. हरिचंद्र सगळ्यांच्या पुढे होता. तो वाकला आणि तिच्या त्या वाकड्या नडगीला त्याने कपाळ टेकवलं.