रडलेल्या बायांपुढची खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

वैशाली आणि मी परभणीला एका खोलीत राहून शिकलो. भाकरी तिच्या करपायच्या, बडबड माझी चालायची. पुढे मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवू लागले आणि ती नाचू लागली — आधुनिक नाच, ना घुंगरू, ना गाणं. अशी वेडी पोरगी मी दुसरी पाहिली नाही. अजूनही माझा जीव आहे तिच्यावर.

तिनं कापूस वेचणाऱ्या बायांवर एक नाच बसवला. तो पाहून माणसाच्या मनात काय होतं, ते मोजायचं मी ठरवलं. ताडकळसला समाजमंदिरात भर दुपारी कार्यक्रम झाला. समोर वेचणीलाच जाणाऱ्या बाया. नाच संपल्यावर मी एकेकीला विचारायचे आणि कागदावर खूण करायचे — आवडलं, काही वाटलं नाही, की त्रास झाला.

गयाबाई म्हणून एक होत्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, माय आठवली बगा. तिची कंबर अशीच वाकलेली ऱ्हायची. लय रडू आलं. आता पुन्हा कवा हाय?"

पुन्हा कधी — असं त्रास झालेलं माणूस विचारतं का? मला कळत होतं. पण पलीकडे बायांनी वैशालीला घेरलं होतं. तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडत होत्या. माझ्याकडे कुणी बघेना. मत्सर — दुसरा शब्द नाही त्याला. मी खूण केली, त्रास झाला. मग रडलेल्या प्रत्येकीपुढे तीच.

त्या खुणांचा मी केलेला तक्ता पाहून वैशालीचा चेहरा उतरला. "आपल्याच बायांना छळलं गं मी," म्हणाली. तो नाच तिनं पुन्हा कधी केला नाही. आणि मी? मी तिला चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला.

याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात सेलूला तिच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम होता. तिनं मला सगळ्यांपुढे उभं केलं, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाली, "तोंडावर खरं सांगणारी एक तरी मैत्रीण असावी, पोरींनो."

मुलींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्या हसून घेतल्या.