तक्रारदाराची आता तक्रार नाही

ती घटना मी विसरलो असेन, असे माझ्या घरच्यांना वाटते. विसरलेलो नाही. नोकरीत बरेच खून हाताळले. त्यातले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत, कोणते प्रेत विहिरीतले आणि कोणते उसातले ते सांगता येणार नाही. हा एक मात्र जसाच्या तसा आहे. त्याचे कारण त्यातला आरोपी नाही. कारण मी आहे.

वाळूजच्या औद्योगिक भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. तिथले ठाणे कंपन्यांच्या पाळ्यांवर चालते. पहिली पाळी सुटली की भांडणे येतात, दुसरी लागली की जरा उसंत मिळते. रविवार वेगळा. सगळे घरी, खोली एक, माणसे पाच. त्यामुळे रविवारी दुपारी आमचे जमादार जेवणाचा डबा उघडायलाही कचरायचे.

अशाच एका रविवारी तीनच्या सुमारास एका घरमालकाचा फोन आला. त्याने ओळीने भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. "वरच्या खोलीतला भाडेकरू पडलाय साहेब. डोकं फुटलंय. मेव्हणा पळाला त्याचा."

आम्ही पोहोचलो तेव्हा माणूस संपलेला होता. एका कंपनीत ऑपरेटर, वय तीस-बत्तीस. शेजारी हातभर लोखंडी पाईप. कोपऱ्यात त्याची बायको चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. पळालेला तो तिचा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा, कंत्राटदाराकडे हेल्पर, बहिणीकडेच राहणारा. पंचनामा झाला, पाईप सील केला. जमादारांनी बहिणीचा जबाब घेतला. त्यांनी विचारले, भाऊ कसा होता, काय करायचा. ती म्हणाली, मोबाईल खेळायचा. ते लिहिले गेले. नवऱ्याबद्दल कोणी विचारले नाही. मेलेल्या माणसाबद्दल आम्ही फार विचारत नाही, ही आमच्या खात्याची जुनी खोड.

संध्याकाळी ओळखीच्या एका जीपवाल्याने खबर दिली. "बाहीला रक्त लागलेला एक पोरगा माझ्या गाडीतनं कन्नडला उतरला, साहेब. स्टँडवरच बसलाय. कुठं जाईना."

खरोखरच तो कुठे गेला नव्हता. कन्नडच्या स्टँडवर खांबाशी जमिनीवर बसला होता. मोबाईलची वायर कँटीनच्या बोर्डात, कानात इअरफोन, आणि अंगठे चालू. गोळीबाराचा गेम. आम्ही चौघे त्याच्यासमोर उभे राहिलो तरी त्याने मान वर केली नाही. शिपायाने खांदा हलवला तेव्हा म्हणाला, "एवढा डाव होऊ द्या, साहेब."

एका शिपायाने त्याचा तसाच फोटो काढला. आम्ही परत ठाण्यात पोहोचेपर्यंत तो फोटो आमच्या आधी शहरात पोहोचला होता. खून करून गेम खेळत बसला. लोकांना याहून जास्त काही कळायला नको होते, आणि खरे सांगायचे तर मलाही नको होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवले. मारहाणीवर माझा कधी विश्वास नव्हता. मी चहा द्यायचो आणि तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारायचो. याचा मला फार अभिमान होता. दुपारपर्यंत तो बोलला नाही. मग मी विचारले,

"गेममधी रोज किती माणसं मारतोस?"

"तीस-चाळीस."

"मग हे त्यातलंच एक, असं वाटलं का?"

त्याने मान वर केली. डोळे सुजलेले होते, रात्रभर झोपला नव्हता. मग म्हणाला, "व्हय."

मी पेन खाली ठेवले. उकल झाली होती. थकलेल्या माणसाच्या पुढ्यात आपण जे वाक्य ठेवतो ते तो उचलतो, हे मला माहीत होते. नव्या फौजदारांना मी तेच शिकवायचो. स्वतःच्या खुर्चीत बसल्यावर ते मला आठवले नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. वर्तमानपत्रात मात्र उत्तम चालतो.

पुढचे दोन महिने माझे कौतुकाचे होते. शाळा, महाविद्यालये, कॉलन्यांचे हॉल, सगळीकडून बोलावणी आली. मोबाईलमधली हिंसा आणि आपली मुले, असा विषय असायचा. मी स्टँडवरचा प्रसंग सांगायचो, "एवढा डाव होऊ द्या" हे वाक्य थोडे थांबून म्हणायचो, आणि सभागृहातल्या आया पदर तोंडाशी न्यायच्या. शाल-श्रीफळ मिळायचे.

याच दिवसांत मुलाचा बाप ठाण्यात आला. सोयगावकडच्या डोंगराच्या अंगाला मेंढरं राखणारा माणूस. बायको कधीच वारलेली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. काठी दाराबाहेर ठेवून आत आला. विधवा झालेली लेक आणि नात आता त्याच्याकडेच होत्या. खुर्ची दिली तरी तो बसला नाही.

"साहेब, माझ्या पोरानं मुंगी मारली न्हाई कधी. कशापायी केलं असंल?"

मला घाई नव्हती, तरी मी घाईत असल्यासारखे बोललो. "त्या मोबाईलपायी, बाबा. डोकं फिरतं पोरांचं. घरात आणखी मोबाईल असंल तर काढून टाका. नात लहान आहे तुमची."

त्याने हात जोडले. माझे म्हणणे त्याने मनात नीट बांधून नेले, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

दोषारोपपत्राची मुदत जवळ आली तसे मी कागद चाळायला घेतले. शेजाऱ्यांचे जबाब फारच तोकडे होते, म्हणून एक पुरवणी जबाब घ्यायला स्वतः त्या खोल्यांवर गेलो. बाजूच्या खोलीत बीडकडचे एक कुटुंब राहत होते. बाई भाकरी थापत होती. हात न थांबवता बोलू लागली.

"लई गुणी पोरगं. आवाज सुरू झाला की कानात ते घालायचं आन् जिन्यात बसायचं, मोबाईल खेळत."

"कसला आवाज?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "तिला मारायचा त्यो आवाज. रोजचंच व्हतं की. दोनदा तुमच्याच ठाण्यात यून गेली ती. तुमी साहेब, तुमाला ठावं नाय?"

ठाण्यात येऊन अदखलपात्र तक्रारींची नोंदवही मागवली. दोन नोंदी सापडल्या. नवरा मारहाण करतो. पहिलीवर जमादारांची सही. दुसरीवर माझी.

हे कसे चालते ते सांगतो. नवरा-बायकोचे भांडण आले की आम्ही नवऱ्याला बोलावतो, दोघांना समोर उभे करतो, त्याला चार शब्द सुनावतो, तिला मुलांकडे बघायला सांगतो. याला समज देणे म्हणतात. मग खाली ठरलेले वाक्य येते, "उभयतांना समज देण्यात आली. तक्रारदाराची आता कोणतीही तक्रार नाही." तिथे रीतसर गुन्हा दाखल करता आला असता. पण संसार मोडायचे पाप कोण घेणार, असे आम्ही मानत आलो, आणि एक संसार वाचवला म्हणून समाधानाने घरी जेवायला गेलो. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिले असेल, मोजदाद नाही. ती बाई मला आठवतसुद्धा नव्हती.

न्यायालयाची परवानगी काढून मी मुलाला तुरुंगात भेटलो. या वेळी प्रश्न पुढ्यात ठेवला नाही. विचारले, त्या दिवशी नक्की काय झाले.

मग तो म्हणाला, "चार्जिंग संपलं व्हतं, साहेब."

मला आधी कळेना.

"लाईट नव्हती सकाळपासनं. मोबाईल बंद पडला. मी जिन्यात बसलो व्हतो. सगळं आयकू आलं. मग भाची वरडली. तिलाबी मारलं त्यानं. मी वर गेलो. दाजीच्या हातात पाईप व्हता, त्योच वढला."

"मग स्टँडवर?"

"तिथं बोर्ड व्हता." मग म्हणाला, "मोबाईल बंद केला की डोक्यात भाचीचंच वरडणं चालू व्हायचं."

"मग मी विचारलं तेव्हा व्हय का म्हणालास?"

"तुमाला तसंच पायजे व्हतं ना."

हे त्याने रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर सोसले असते.

जाता जाता त्याने सांगितले की ताईच्या मोबाईलमध्ये सगळे रेकॉर्डिंग आहे. दुसऱ्यांदा ती ठाण्यात आली तेव्हा कोणीतरी तिला म्हणाले होते, नुसते सांगून भागत नाही, पुरावा आणा. तिने पुरावा गोळा केला होता. कित्येक दिवसांचा. नवऱ्याचा आवाज, पट्ट्याचा आवाज, मुलीचे रडणे. ते न्यायालयासमोर आले असते तर थंड डोक्याने केलेला खून आणि बहीण-भाची मार खात असताना उचललेला हात, यांतला फरक कोणालाही ऐकू आला असता. त्या पोराचे सगळे आयुष्य त्या मोबाईलमध्ये होते.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. बाप वाड्यात मेंढरांना पाला टाकत होता. मला पाहून त्याला आनंद झाला, बाज टाकली. मी लेकीचा मोबाईल मागितला.

"त्यो व्हय?" तो म्हणाला. "तुमच्याकडनं आलो त्याच दिशी दगडावर ठेचला, साहेब. मग उकिरड्यावर पेटवून दिला. तुमीच म्हणला व्हतात, काढून टाका. लेक लई रडली. पाया पडली माझ्या. काय सांगत व्हती ते आयकलंच न्हाई मी. मला वाटलं, हिलाबी नाद लागलाय."

लेक दारात येऊन उभी होती, कडेवर मुलगी. मी बापाला सांगायला तोंड उघडले तेवढ्यात ती म्हणाली, "चहा टाकू का, साहेब?" आणि मान हलवली, नाही अशी. म्हणजे मोबाईलमध्ये काय होते ते तिने त्याला नंतरही सांगितले नव्हते. पोरगा आत गेलेला, त्यात हे ओझे म्हाताऱ्याला पेलणार नाही, हे तिने ओळखले होते. मी चहा घेतला. उकिरड्यावरून जळके तुकडे गोळा करून पंचनामा केला. बापाला सांगितले, नियम असतो. प्रयोगशाळेने कळवले, यातून काही निघत नाही.

तिचा पुरवणी जबाब मी लिहिला, रेकॉर्डिंगचाही उल्लेख केला, दोन्ही नोंदी जोडल्या. आधी का सांगितले नाही असे विचारले, तर ती म्हणाली, नवऱ्याबद्दल कोणी विचारलेच नाही. वरिष्ठ म्हणाले, स्वतःच्या ठाण्याचे वाभाडे कशाला काढता? तरी जोडल्या. वाटले, एवढे तरी करू.

खटला उभा राहीपर्यंत बीडकडचे कुटुंब खोली सोडून गेले होते. कंत्राट संपले की माणसे जातात, पत्ता ठेवत नाहीत. आम्ही शोधले, सापडले नाहीत. उरली बहीण, आणि ती आरोपीचीच बहीण. मी साक्षीला उभा राहिलो तेव्हा सरकारी वकिलांनी नोंदवही पुढे धरून विचारले, "हे अक्षर तुमचंच?" मी म्हणालो, होय. "वाचा." मी वाचले. तक्रारदाराची आता कोणतीही तक्रार नाही. तिच्या बाजूने म्हणून मी जोडलेला कागद तिच्याच विरुद्ध गेला. कायद्यापुढे ती समाधानी होऊन घरी गेलेली बाई होती. आणि स्टँडवरचा फोटो सगळ्यांनी पाहिलेलाच होता. जन्मठेप झाली. बाप तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून होता.

आजही लोक विचारतात, गेममुळे पोरे बिघडतात का? मला माहीत नाही. निवृत्तीनंतर एकदा मुलीच्या मोबाईलवर तो गेम मी लावून पाहिला. पंधरा मिनिटांत चार वेळा मेलो. मारामारीची इच्छा काही झाली नाही, पण बायको तीनदा जेवायला हाक मारून गेली, ती ऐकू आली नव्हती. एवढेच मला कळले. गेमचा त्यात वाटा नव्हताच, असे मी म्हणणार नाही. रोज माणसे मारताना पाहून मनाला काहीच होत नसेल, हेही मला पटत नाही. पण त्या घरात पडद्याबाहेर रोज जे चालत होते त्याची रीतसर नोंद माझ्या कपाटात होती, आणि मी मात्र पडद्यात बघत होतो. तो कानात इअरफोन घालून जिन्यात बसायचा. मी बिनइअरफोनचा खुर्चीत बसलेलो होतो. या प्रकरणाने शिकवले म्हणावे तर हेच, आणि शिकलो तेव्हा ते कोणाच्या उपयोगाचे उरले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात कन्नडच्या आठवडी बाजारात तो बाप भेटला. वाकलाय आता. ओळखून जवळ आला, माझे दोन्ही हात हातात घेतले.

"गावात तुमचं नाव सांगून पोरांचे मोबाईल काढून घ्यायला लावतो मी, साहेब," तो म्हणाला. "माझं तर गेलं. दुसऱ्याचं तरी एखांदं वाचंल."

मी म्हणालो, "बरं करता, बाबा."