थोरल्या बाईचं विचारणं

आमच्या थोरल्या बाईला लाज म्हणून नाही, असं घरात सगळेच म्हणत. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. भर विहिरीवर, चारचौघींत, ती नव्या सुनेला धडधडीत विचारायची, "पाळी चुकली का तुही? कुठी दुखते?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला व्हायचं. मी पदर ओढून घागर उचलायची नि पळायची.

तिला मूलबाळ नव्हतं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोट चिरावं लागलं. घरात त्याबद्दल अळीमिळी गुपचिळी.

धानकापणीत माझीही पाळी चुकलेली, आणि मग रक्त दिसलं. रक्त दिसलं की सून बाहेरची, तिला कुणी शिवायचं नाही. सासूबाईंनी मागच्या पडवीत घोंगडी टाकून दिली. पोटात एकाच बाजूला कळा येत होत्या, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण सांगायचं कोणत्या तोंडानं? बाई भाकर द्यायला आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"खांदा बी दुखून राह्यला का?"

मी मान हलवली. तिनं भाकर खाली ठेवली आणि सरळ मला उचललं. सासूबाई विटाळ विटाळ करत धावल्या. "आंघोळ करीन मंग. आधी खाचराले बैल जुंपा," बाई म्हणाली.

गोंडपिपरीच्या सडकेवर आलापल्लीहून सागवान नेणाऱ्या ट्रकपुढे ती आडवी उभी राहिली. चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गर्भ पिशवीत नव्हता, नळीत वाढत होता. ती नळी फुटली, काढावी लागली. दुसरी शाबूत आहे.

खांद्याचं तुम्हाला कसं कळलं, असं मी खाटेवरून थोरल्या बाईला विचारलं.

"मी त्याच पडवीत पडून होती. कोणं इचारलं नाई, मले सांगाची लाज वाटली. दुसऱ्या बारीले बी तसंच. माह्या दोन्ही नळ्या गेल्या. तुही एक तं हाय."

त्या एकीवरच मला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी बाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून आली, तर सासूबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. "आजच्या दिवस वावरात जाय. लेकराले नजर नको."

मला रडू आवरेना. बाईनं दारातूनच मला दटावलं, "काऊन रडून राह्यली? दूध आटते अशानं." आणि ती वावराच्या वाटेला लागली. त्या घरची सून म्हणवून घ्यायची मला आजही लाज वाटते.