सेन्सर बरोबरच होता!

माझी फजिती मीच सांगतो, पण एक अट आहे. मध्येच कुणी सेन्सरला नावं ठेवायची नाहीत. ऐकून घेणार नाही!

गोविंदपुऱ्याजवळच्या आमच्या टाउनशिपमध्ये दर हिवाळ्यात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरतं. क्वार्टरमागे पिकवलेली भाजी घेऊन अख्खी कॉलनी तिथे हजर. आणि टोमॅटोचा कप दर वर्षी शेजारच्या श्रीवास्तवजींना! गेल्या वर्षी तर माझ्यासमोर उभं राहून कपावरची धूळ पुसत होते हो!

मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. मोजमाप हाच माझा धंदा. भर कँटीनमध्ये सांगून टाकलं, "इस बार कप मेरा. खेती अब मोबाइल से होगी!"

मागवला सेन्सर. मातीत खोचायचा, तो ओल मोजणार, माती कोरडी वाटली की पंप आपोआप सुरू. आहे काय नि नाही काय!

पहिल्याच दिवशी मोबाइलवर आलं, माती कोरडी. पंप सुरू. संध्याकाळी पुन्हा कोरडी. पुन्हा पंप.

चौथ्या दिवशी माझी बायको, सुनंदा, एक चप्पल चिखलात गमावून घरात आली. "अहो, जरा बोट खुपसून बघा. तळं झालंय मागे!"

"बोटाला काय कळतंय? रीडिंग शून्य आहे!"

"पानं पिवळी पडलीत."

"तहानेने!" असं म्हणून मी पंपाची वेळ दुप्पट केली.

दोन दिवसांनी कुंपणापलीकडून श्रीवास्तवजी ओरडले, "भाईसाब, पानी हमारी पालक में आ रहा है. टमाटर छोड़िए, धान लगा लीजिए!"

मी काय माघार घेतो? "धान भी सेंसर से ही लगाऊँगा!"

प्रदर्शनाला आठवडा राहिला आणि माझी रोपं मुळाशी कुजून आडवी झाली. सगळीच्या सगळी! खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सुनंदाने सेन्सर उपटला, नळाखाली धुतला आणि टोकाची काळी रबरी टोपी ओढली. टपकन हातात आली.

"अहो, ही काढायची असते का?"

वाटेत टोक खराब होऊ नये म्हणून घातलेली टोपी हो ती! गेली अठ्ठावीस वर्षं कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारत आलोय, टोपी काढलीस का?

पण हार मानली नाही हं! प्रदर्शनात रिकाम्या टेबलामागे छाती काढून उभा राहिलो. श्रीवास्तवजी कप बगलेत मारून आलेच. "सेंसर ग़लत था न, भाईसाब?"

"बिलकुल नहीं! टोपी के अंदर सूखा ही था!"

यंदाही टोमॅटो लावलेत. सेन्सरवरच! कुणाच्या बापाला भीत नाही. फक्त रोज सकाळी त्याचं रीडिंग एका खात्रीच्या उपकरणाशी ताडून बघतो. आमच्या खात्याचा नियमच आहे तसा.

उपकरण म्हणजे सुनंदाचं बोट.