गटारात ओतलेली नीळ

माझ्या थोरल्या बहिणीला वाडीत सगळे येडी म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तिला काही कळत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होते. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढे मी लोकांवर चिडेन तेव्हा वाचणाऱ्याने मलाही त्यांच्यातच धरावं.

आमची वाडी ओतूरपासून चालत पाऊण तासावर. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी ओतूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, पण वर्गापेक्षा जास्त संघटनेच्या खोलीत. पत्रकं लिहायची, झेरॉक्स काढायच्या, एसटी स्टँडवर वाटायच्या. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी झोपेतही लिहिले असते. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला बघायला पाहुणे आले की ती त्यांच्या चपला ओळीत लावून आत निघून जाई. लग्न जमलं नाही. बोलणं दोन-तीन शब्दांचं. कुणी न सांगता हात लावला तर किंचाळायची.

पण एखादी गोष्ट बिघडली की तिला सोडवत नसे. आईच्या शिलाई मशिनचा टाका सुटायचा. ओतूरच्या मिस्त्रीने दोनदा बघून हात टेकले. आक्काने ते मशीन खोललं, प्रत्येक स्क्रू फडक्यावर मांडला, परत जोडलं, परत खोललं. पंधरा-वीस दिवस घरात दुसरं काही नाही. शेवटी ती जमिनीवर पालथी पडून मशिनच्या पायाखालची फरशी बघत होती. फरशी केसभर हलत होती. तिने खाली पत्र्याचा तुकडा सारला आणि टाका सुटायचा थांबला. मिस्त्री म्हणाला, “नशीब.” आम्हीही नशीबच म्हटलं.

त्या पावसाळ्यात वाडीत कावीळ आली. वहिनीला सातवा महिना होता. घरात आक्काशी नीट वागणारी एकटी वहिनी. जवळ जाण्याआधी “आक्का, मी येते हं” म्हणायची, आणि आक्काने लावलेल्या भांड्यांची ओळ कधी मोडायची नाही. आरोग्य केंद्रातल्या बाई पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेल्या. लोकांनी चार दिवस उकळलं, मग सरपण भिजलं.

आक्का घरोघरी जाऊन दारात उभी राहायची. एकच प्रश्न, “कावीळ कुणाला?” उत्तर मिळालं की पुढच्या दारात. बाया हसायच्या, “डॉक्टरीणबाई आल्या, खुर्ची द्या गं!” आठवडाभरात तिने घरी सांगितलं, “खालच्या आळीतच. वरच्या आळीत नाही. गिरणीपाशी पाईप गटारातनं जातो.”

आई म्हणाली, “बरं.” दादाने ऐकलंच नाही. मी तेव्हा पत्रक लिहीत बसले होते, ‘शुद्ध पाणी आमच्या हक्काचं’. टँकर हवा, पाण्यात टाकायची जंतुनाशक टीसीएल पावडर हवी, ग्रामपंचायतीने जागं व्हावं. आक्काने कागद उचलून वाचला. म्हणाली, “गटार नाही यात.”

“अगं, सगळं आहे त्यात. व्यवस्थेवरच बोट ठेवलंय.”

“गटार नाही,” ती म्हणाली आणि कागद होता तिथे सरळ करून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिने वहिनीचं नळाचं पाणी ओतून द्यायला सुरुवात केली. मळ्यातल्या विहिरीवरून हंडा आणायची आणि वहिनीला तेवढंच द्यायची. आई वैतागली, “पोटुशी बाईच्या तोंडचं पानी सांडती ही. असं कुटं असतं का?” वहिनी म्हणाली, “असू द्या आई, मला विहिरीचं आवडतं.” आक्काला मात्र ते पुरेसं नव्हतं. घरात सगळे नळाचंच पीत होते, आळी पीत होती. सांगून कुणी ऐकत नव्हतं. मग दिसलं पाहिजे, असं तिने ठरवलं असणार. हे मी आज लिहिते. तेव्हा मला एवढंच दिसलं की आक्का दुकानातून कपड्यांना द्यायच्या निळीच्या पुड्या आणते आहे. दुकानदार म्हणाला, “आक्का, सगळ्या वाडीची धोतरं धुणार का काय?”

पाणी रोज सकाळी अर्धा तास सुटायचं. ती त्या वेळी निळीची बादली गटारात ओतायची आणि आमच्या नळापाशी येऊन बसायची. पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दोन हात पुढे ओतायची. स्वच्छ. गिरणीपासून पारापर्यंत तिने अशी जागा न जागा केली. पोरं मागे ओरडायची, वरून पाऊस. आठ-दहा दिवस झाले तरी पाणी स्वच्छच. मग ती दोन दिवस नुसती नळाशी बसून राहिली, पाणी जाण्याच्या वेळेला. पाणी जाताना तोटी हवा आत ओढते. तिने तोटीला तळहात लावून बघितलं, मग माझा हात ओढून तिथे धरला. “ओढतंय,” म्हणाली. मी म्हणाले, “हो गं, ओढतंय. मला एसटी गाठायची आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी सुटलेलं असताना ओतायचं सोडलं आणि पाणी बंद झाल्यावर ओतायला लागली. परत पहिल्या जागेपासून. चौथ्या दिवशी सकाळी खालच्या आळीतल्या सगळ्या नळांना निळं पाणी आलं.

आक्का टाळ्या वाजवत आळीतून धावत होती. “आलं! आलं!”

“अगं बया, निळं पानी! कुनी केलं गं हे?”

“मी. काल पाणी गेल्यावर. गिरणीपाशी. आलं!”

“ऐकलं का? सोत्ताच्या तोंडानं सांगती.”

“आमची पोरं पिवळी पडली ती हिच्यामुळंच. करनी करती व्हय गं?”

एकीने तिच्या थोबाडीत मारली. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन घराबाहेर पडत होते. करणीविरुद्ध, भगताविरुद्ध मी पाच तालुक्यांत पत्रकं वाटली असतील. त्या सकाळी मी हात जोडून म्हणाले, “जाऊ द्या हो काकू. ती आजारी आहे. तिला कळत नाही.”

“कळतं,” आक्का म्हणाली.

मी तिचा हात धरला, न सांगता. ती किंचाळली. उरलेल्यांचीही त्या किंचाळण्याने खात्री पटली.

आणि याच आळीतले लोक कावीळ उतरवायला शेजारच्या गावी जात. तिथला माणूस चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावी, पाणी पिवळं होई, आणि कावीळ उतरली म्हणून लोक त्याच्या पाया पडत. त्याचं पिवळं पाणी खरं. हिचं निळं पाणी चेटूक. मला अजून संताप येतो, आणि तो मी कुणावर काढावा हे कळत नाही, कारण मी शिकलेली होते.

दादा आक्काला मामाकडे अवसरीला ठेवायचं म्हणाला, “लोक मारतील तिला.” एसटीत मीच बसवून दिलं. तिने विचारलं, “वहिनीचं पाणी?” मी म्हणाले, “आणू आम्ही.” ग्रामपंचायतीने टाकी धुतली, दुप्पट टीसीएल टाकली, कुणीतरी नारळ फोडला. आम्ही पत्रक काढलं, ‘संघर्षाला यश’. मळ्यातली विहीर लांब, चिखल फार. वहिनी म्हणाली, आता टाकी धुतलीय ना, नळाचं चालेल.

महिन्याभराने तिचे डोळे पिवळे झाले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सहा दिवस होती. बाळ पोटातच गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ती.

दिवाळीनंतर गिरणीपुढचा रस्ता खचला म्हणून पाईप उकरला. गटारातला जोड पार कुजलेला, वरून सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी बंद झालं की रिकामा पाईप तिथूनच गटार आत ओढत होता. नवा पाईप टाकला, माती ओढली, लोक घरी गेले.

पुढे एका शिबिरात मी ‘स्वमग्न’ हा शब्द ऐकला. ही माणसं एका प्रश्नाला धरून बसतात, वेगळ्याच बाजूने जातात, असं सांगणारे सांगत होते. मी वहीत उतरवून घेत होते. मग लिहिणं थांबवलं.

अवसरीला मी पाईप सापडल्यावरच गेले. त्याआधी तोंड नव्हतं. आक्का मामाच्या ओट्यावर शेंगा फोडत होती. म्हणाले, “आक्का, गिरणीपाशीच होतं. तू म्हणालीस तिथेच.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. मग, “वहिनीला मुलगा की मुलगी?”

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. येडीला काय सांगायचं. मी सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली, टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे. शेंगा संपत आल्या तेव्हा विचारलं, “विहिरीचं पाणी कोण आणत होतं?”

मी म्हणाले, “कुणी नाही.”

तिने मान हलवली, उत्तर जुळल्यासारखी. मग टोपली उचलून आत गेली. संध्याकाळची गाडी येईपर्यंत मी ओट्यावर बसून होते. ती बाहेर आली नाही.