जळगावचं डोकं धुळ्याला दाखवायचं

पत्रकाराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेल्याच जास्त साठतात. "बोरसे भाऊ, हे तुमच्या-माझ्यात ठेवा," असं म्हणून माणूस सांगतो, हलका होतो आणि निघून जातो. ओझं आपल्याकडे! अठ्ठावीस वर्षांत माझ्याजवळ टेंडरांचे, तिकीटवाटपाचे, पळून जाऊन केलेल्या लग्नांचे किस्से ढिगाने जमले. पण हल्ली जे जमतंय ते भलतंच आहे. सगळं डोक्याचं! कुणाला झोप नाही, कुणाला कारण नसताना रडू येतं. आणि प्रत्येक जण ते चोरी केल्यासारखं, इकडेतिकडे बघत सांगतो. मला संताप आहे तो त्या इकडेतिकडे बघण्याचा. म्हणून आज काही किस्से सांगूनच टाकतो. सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.

*

गेल्या वर्षी एका पत्रकार परिषदेत मी प्रश्न विचारला आणि मंत्रीसाहेब म्हणाले, "आधी चहा घ्या." एवढंच! मी असा ओरडलो की शिपायाच्या हातातला ट्रे हलला. मग माझेच हात हलायला लागले. छातीत धडधड, अंगाला घाम, श्वास पुरेना. वाटलं, संपलं. दोघांनी धरून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल.

वर्षात असं तीनदा झालं. तिन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बोरसे, हृदय ठणठणीत आहे. आता मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

मी उसळलो. "म्हणजे मी वेडा? लिहून द्या तसं! कुठल्या आधारावर म्हणता?"

डॉक्टर शांतपणे नर्सला म्हणाले, "सिस्टर, आत्ताचं बीपी लिहून घ्या."

*

आमचा पेपर दर रविवारी 'मन मोकळं करा' नावाचं पान काढतो. जिल्ह्याला मन मोकळं करायला सांगणारं ऑफिस स्वतः कसं आहे, ते पुण्याहून एक ट्रेनर बाई आल्या तेव्हा कळलं. साठीला आलेल्या आमच्या संपादक यशवंत सोनवणे साहेबांनीच त्यांना बोलावलं होतं. माझ्यामुळेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी मला आदल्या दिवशी केबिनमध्ये बजावलं होतं, "बोरसे, आणखी एक भांडण झालं तर राजकारण सुटलं तुमचं. वाढदिवस आणि निधनवार्ता बघायच्या."

बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. "नाव लिहू नका. फक्त तुम्हाला काय त्रास होतो, ते एका ओळीत लिहा." डब्यात चिठ्ठ्या पडल्या आणि बाई एकेक वाचू लागल्या. तिसरी चिठ्ठी अशी होती: "सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार सदर इसमास गेल्या काही महिन्यांपासून झोप येत नसल्याचे समजते."

सगळं ऑफिस वळून सव्वीस वर्षांच्या क्राईम रिपोर्टर विलासकडे बघायला लागलं! हसण्याचा असा स्फोट झाला की प्रेसमधली माणसं वर धावत आली. विलासही हसला. मग पाणी पिऊन येतो म्हणून गेला, तो दोन तास आलाच नाही.

रोज दुसऱ्याचं दुःख लिहिणाऱ्या पोराला स्वतःबद्दल 'मला' हा शब्द लिहिता आला नाही. मी तेव्हा हसलो होतो. त्याची अजून चीड येते.

*

आमचा फोटोग्राफर सलीमभाई, चाळिशीचा. वीस वर्षं मी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून जिल्हा पालथा घातलाय. एकदा एका मोर्चाहून परत आल्यावर फोटोवरून मी त्याच्यावर तुटून पडलो. मोर्चात पुढाऱ्याचा चेहरा आला नव्हता. मी भर ऑफिसात नको ते बोललो. त्याच्या कामावर बोललो, त्याच्या डोळ्यांवर बोललो.

सलीमभाईने कॅमेरा उचलला आणि खटकन माझाच फोटो काढला. मग स्क्रीन माझ्यासमोर धरली. फुगलेल्या शिरा, वासलेलं तोंड, डोळे कुणी तरी मागे लागल्यासारखे. मला वाटलं होतं, मी रागावलेला दिसत असेन. फोटोतला माणूस घाबरलेला होता.

"भाऊ, कॅप्शन द्या," तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला कॅप्शन सुचलं नाही.

*

त्याच संध्याकाळी त्याने मला चहाला नेलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "ते राहू द्या. धुळ्याला जाऊन या."

"धुळ्याला कशाला? जळगावात डॉक्टर नाहीत?"

"आहेत ना. पण त्यांच्याकडे धुळ्याची माणसं असतात." मग त्याने मला आख्खी व्यवस्था समजावली. जळगावचा माणूस डोकं दाखवायला धुळ्याला जातो, कारण जळगावात कुणी बघेल. धुळ्याचा त्याच कारणासाठी जळगावला येतो. "आणि पारोळ्याच्या स्टँडवर दोन्ही गाड्या शेजारी लागतात, भाऊ! इकडचा तिकडच्याला विचारतो, कुठं निघाले? तो म्हणतो, लग्नाला. तिकडचा विचारतो, तुम्ही? हा म्हणतो, मी पण लग्नालाच. ऐन पितृपंधरवड्यात!"

मी हसून हसून बेजार. मग एकदम विचारलं, "तुला हे कसं माहीत?"

सलीमभाई बशीत चहा ओतत म्हणाला, "मी पण लग्नालाच चाललो होतो."

*

तरी मी गेलो नाही. महिनाभर टाळलं. रात्री छताकडे बघायचो, सकाळी कुणाशी तरी भांडायचो. एका रविवारी शिंदखेड्याकडच्या गावी अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय सत्तर. जेवण झालं, तिने पाण्याबरोबर गोळी घेतली. मी विचारलं, गुडघ्याची का?

"नही रे. डोकानी. तुना दाजी गयात तवयपासून खास."

दाजी गेल्यापासून डोक्याची गोळी खाते, हे ती खुशाल मोठ्याने सांगत होती! मी दचकून दाराकडे बघितलं. दारात दोन शेजारणी बसल्या होत्या. "अक्का, हळू बोल!"

"कसाले? बठ्ठा गावले माहीत शे." सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून शेजारणींनीही माना डोलावल्या. अक्काने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू पेपरवाला ना? दुनियानं बठ्ठं छापस. आपलं कसाले दपाडस?"

मोठमोठ्या पुढाऱ्यांना मी उभ्या उभ्या निरुत्तर केलंय. पण 'स्वतःचं का लपवतोस' असं मला तोंडावर विचारलं ते फक्त अक्काने.

*

मंगळवारी मी धुळ्याची एसटी पकडली. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. दवाखाना शोधायला कुणाला पत्ताही विचारला नाही. आत बाकांवर माणसं खाली माना घालून बसलेली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, नाव?"

आयुष्यभर मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलोय. माझी वेळ आली आणि घाईत तोंडात आलं ते संपादकांचं नाव. "यशवंत सोनवणे."

"गाव?"

"जळगाव."

मुलीने कॉम्प्युटरवर टाईप केलं आणि थांबली. "काका, जळगावचे यशवंत सोनवणे आमच्याकडे तीन आहेत. एक सव्वीस वर्षांचे, एक एकेचाळीस, एक एकोणसाठ. तुम्ही यातले कोणते?"

मी काउंटर घट्ट धरला. छातीत धडधड सुरू झाली होती. पाय दाराकडे वळत होते. मग टोपी काढली, चष्मा काढला.

"यातला एकही नाही," मी म्हणालो, आणि सवयीप्रमाणे आवाज चढलाच. "नवीन फाईल काढा. नाव सुधाकर बोरसे. वय चोपन्न. पत्रकार, जळगाव!"

मागे बाकावर कागद सळसळला. वळून बघितलं. मघाशी मान खाली घालून बसलेल्या एकाने तोंडासमोर पेपर उघडून धरला होता.

पेपर आमचाच होता. जळगाव आवृत्ती.