आवतण्याने गाळलेली ओळ

आर्नो बोर्शार्ट आमच्या गावचा आवतण्या. लग्न कुणाचंही असो, फितींनी मढलेला कोट चढवून सायकलवर दारोदार फिरायचं, उंबऱ्याशी उभं राहून आमंत्रणाचं लांबलचक कवन म्हणायचं आणि घरधन्याने दिलेली उसाची दारू घोटभर घ्यायची. लग्नाला येणारा घरधनी त्याच्या कोटाला एक फीत टाचतो. बापजाद्यांनी जर्मनीहून ब्राझीलच्या या डोंगरात आणलेली रीत. पत्रिका पाठवली तर आमच्याकडे कुत्रंही फिरकत नाही.

चाळीस वर्षं केलं बिचाऱ्याने. पुढे गाव बघायला पाहुण्यांच्या बसगाड्या येऊ लागल्या आणि दर शनिवारी चर्चसमोर त्यांना तेच कवन ऐकवायचं लचांड त्याच्या गळ्यात पडलं.

"आजोबा, जरा आटपतं घ्या, लोकांना जेवायचंय," बसवाली बाई म्हणायची. त्याने चार-सहा ओळी गाळल्या. सत्तरी उलटलेला माणूस, हुज्जत तरी किती घालणार?

अशात नातीचं, जोसियानेचं, लग्न ठरलं. आवतणाचं शेवटचं घर धाकट्या भावाचं, एर्विनचं, पार चढावर. बापाच्या जमिनीतल्या झऱ्याच्या वाटणीवरून दोघांत अकरा वर्षं अबोला. पण नात हटून बसली होती, "एर्विन आजोबा आले नाहीत तर माझ्या लग्नात माझंच मन लागणार नाही." आर्नो धापा टाकत वर पोचला आणि उभ्या उभ्या कवन म्हणून मोकळा झाला. एर्विनने पेला दिला. फीत काही टाचली नाही, दार लोटून घेतलं.

"मरू दे तिकडे," म्हणत आर्नो परत फिरला. निम्म्या उतारावर त्याच्या ध्यानात आलं. बसवाल्यांसाठी गाळलेली एक ओळ त्याने सवयीने इथेही गाळली होती: 'भांडण असेल ते घरी ठेवा, तुम्ही मात्र या.' भांडलेल्या घरी ही ओळ खाल्ली म्हणजे तोंडावर केलेला अपमान, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

पायांत त्राण नव्हतं. तरी तो सायकल ढकलत पुन्हा वर गेला. एर्विन दाराबाहेर पायरीवर बसला होता. आर्नोने टोपी काढून तेवढीच ओळ म्हटली.

"माफ कर रे. त्या शनिवारच्या तमाशाने जिभेला वळणच वाईट लागलं."

"मला वाटलं, मुद्दाम गाळलीस," एर्विन म्हणाला. "मागून चार शिव्या हासडायला खिडकीत आलो, तर तू सायकल ढकलत चालला होतास. उतारावरसुद्धा ढकलत होतास."

आर्नो कसाबसा भावाशेजारी टेकला.

"लग्नाला येतो मी," एर्विन म्हणाला. "पण इतका कधी थकलास रे, दादा? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."